पिशवीबरोबर आणखी काय गेले?

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांचे आप्त बीड, जालना, परभणी ह्या भागांत आहेत त्यांना 'पिशवी काढली' हे दोन शब्द नवे नाहीत. दाढ दुखत होती म्हणून दाढ काढली, तितक्याच सहजतेने तिशी-पस्तिशीतली स्त्री हे सांगते आणि ऐकणारीही तितक्याच सहजतेने 'माझीही गेल्या साली काढली' असे उत्तर देते. एका मोठ्या शस्त्रक्रियेला इतके घरगुती नाव मिळावे ह्यातच त्या शस्त्रक्रियेचा प्रसार किती झाला आहे हे कळून येते. परंतु आज आम्हाला विचारावयाचे आहे ते पिशवीविषयी नव्हे, निदान केवळ पिशवीविषयी नव्हे. पिशवीबरोबर आणखी काय गेले, हा आमचा प्रश्न आहे. हा प्रश्न दवाखान्यात कोणी विचारीत नाही, घरी कोणी विचारीत नाही, आणि ज्या स्त्रीच्या पोटातून ते गेले तिला तर त्या वस्तूचे नावही ठाऊक नसते.

प्रथम आकडे सांगतो, कारण आपल्या माणसांचे दुःख आकड्यांवाचून सांगितले तर त्यास कांगावा म्हणण्याची रीत आहे. २०१९ च्या जून महिन्यात राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितले की, एकट्या बीड जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली. त्या सर्वच ऊसतोडीला जाणाऱ्या नव्हत्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांची विचारपूस झाली आणि त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे शंभरात सोळा-सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे साऱ्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांत हे प्रमाण तीनच्या थोडे वर होते. रोग काही जिल्हा पाहून येत नाही. मग हा पाचपट फरक आला कोठून?

तो आला उसाच्या फडातून. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. मुकादम हंगामापूर्वी त्या जोडीला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी त्याला बांधलेली असते. एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो. खाडा म्हणजे केवळ त्या दिवसाची मजुरी बुडणे नव्हे. वर पाचशे, कधी हजार रुपये दंड उचलीत चढतो. पाळीच्या दिवसांत कंबर मोडली तरी पहाटे चारला उठून फडात उतरावयाचे, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढावयाचे. राहणे कोपीत, न्हाणीघर नाही, संडास नाही, पाणी कॅनॉलचे. अशा स्थितीत स्त्रीच्या अंगावरून पांढरे जाऊ लागले, ओटीपोट दुखू लागले, तर त्यात नवल ते कोणते? ह्यांपैकी पुष्कळशा तक्रारी जंतूंच्या बाधेमुळे होतात आणि आठ-पंधरा दिवसांच्या औषधाने बऱ्या होण्यासारख्या असतात. पण बरे होण्यास विसावा लागतो, स्वच्छ पाणी लागते, पुन्हा तपासणीस जावे लागते, आणि त्या प्रत्येक फेरीला खाडा पडतो. एकदाच काय ते कापून टाकले की दरमहाचा खाडा कायमचा टळला, असा हिशेब मुकादमाने मांडला, काही डॉक्टरांनी त्यावर आपली बिले मांडली आणि आपण तो मान्य केला. लग्न सोळाव्या-सतराव्या वर्षी, विशीत दोन-तीन मुले, लगेच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. मग 'आता पिशवीचे काय काम?' हा प्रश्न सासूही विचारते, नवराही विचारतो, आणि शेवटी ती स्त्री स्वतःच विचारू लागते. त्यातून कोणी 'कॅन्सर होईल' एवढे एक वाक्य सोडले की शेळ्या विकून पैसा उभा राहतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर शरीराची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. संकोच करण्याचे कारण नाही. गर्भाशयाच्या दोन बाजूंस बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. दवाखान्यात त्यांना 'ओव्हरी' म्हणतात. लोक पिशवी म्हणतात ती गर्भाशय. बीजांडकोश ही निराळी वस्तू आहे. दरमहा बीज सोडणे हे त्यांचे एक काम. पण तेवढेच नव्हे. इस्ट्रोजेन नावाचा एक रस ते रक्तात सोडतात आणि तो रस हाडांचा चुना टिकवितो, रक्तवाहिन्यांची निगा राखतो, झोप व मनाचे स्वास्थ्य सांभाळतो, योनिमार्गाची त्वचा निरोगी ठेवतो. आपल्या देशातील स्त्रीची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. तोवर हे काम अखंड चालू असते आणि त्याचा मूल होण्या-न होण्याशी काही संबंध नसतो. शेवटचे मूल पंचविसाव्या वर्षी झाले म्हणून बीजांडकोश पंचविसाव्या वर्षी निवृत्त होत नाहीत. 'पिशवीचे काय काम' असे विचारणाऱ्याला हे ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक असते तो सांगण्याची तसदी घेत नाही.

आता शस्त्रक्रियेत काय होते ते पाहा. कधी गर्भाशयाबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढतात. पोट उघडलेच आहे, पुढे त्यांना गाठी नकोत, कॅन्सर नको, असे कारण सांगतात. बीजांडकोश काढले तर त्यांचा कर्करोग बहुधा टळतो हे खरे. ज्या घराण्यात आई, मावशी, बहीण ह्यांना स्तनाचा वा बीजांडकोशाचा कर्करोग झालेला आहे, अशा काही स्त्रियांना तपासणीअंती हा सल्ला योग्यच ठरतो. परंतु तिशीतल्या निरोगी बीजांडकोशाच्या बाबतीत ह्या व्यवहारात तोटाच मोठा आहे. ज्या दिवशी ते निघतात त्या दिवशीच ती स्त्री रजोनिवृत्त होते. निसर्ग जे चार-पाच वर्षांत हळूहळू करतो ते तासाभरात होते. अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने पातळ भिजते, झोप उडते, चिडचिड होते, नवऱ्याजवळ जाणे म्हणजे यातना होतात. हे दिसणारे झाले. न दिसणारे असे की हाडे आतून विरळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा संभव वाढतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले की, पंचेचाळिशीच्या आत ज्यांचे दोन्ही बीजांडकोश काढले आणि ज्यांना नंतर इस्ट्रोजेनही दिले गेले नाही, त्या स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांहून अधिक होते.

'आमचे बीजांडकोश ठेवले आहेत' असे म्हणणाऱ्या भगिनींनीही निश्चिंत राहू नये. बीजांडकोशाला मिळणाऱ्या रक्ताचा काही वाटा गर्भाशयाच्या रक्तवाहिनीतूनच येतो. गर्भाशय काढताना ती बांधावी लागते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ३० ते ४७ वयाच्या स्त्रियांची चार वर्षे पाहणी केली आणि २०११ साली निष्कर्ष मांडला. गर्भाशय काढून एक तरी बीजांडकोश राखलेल्या शंभर स्त्रियांत जवळजवळ पंधरा जणींचे बीजांडकोश त्या अवधीत थंडावले. ज्यांचे गर्भाशय जागेवर होते अशा शंभरांत हेच आठ जणींच्या बाबतीत घडले. गर्भाशय गेल्यावर पाळी येतच नाही, त्यामुळे बीजांडकोश थंडावले हे कळण्याची रोजची खूणही नाहीशी होते. ती स्त्री समजते की थकवा आला. सासू समजते की कामचुकारपणा आला.

ज्या शहरी, सुखवस्तू स्त्रीला पस्तिशीत हे भोग येतात तिच्यापाशी निदान पंखा असतो, डॉक्टर असतो, दुधाचा पेला असतो. आपल्या बहिणीला मोळी उचलावयाची असते. ज्या हाडांवर तिचे सारे पोट अवलंबून, तीच हाडे आपण तिच्या तिशीत वृद्धेची करून ठेवतो. खाडा टळावा म्हणून पिशवी काढली, आणि पाच वर्षांत कंबर, गुडघे, मणके इतके दुखू लागले की कोयताच हातून सुटला, मग खाडा टळला कोठे? उलट शस्त्रक्रियेसाठी घेतलेल्या उचलीने पुढचा हंगामही मुकादमाच्या वहीत लिहिला गेला.

आमचा शस्त्रक्रियेला विरोध आहे असा कोणी समज करून घेऊ नये. गर्भाशयाचा कर्करोग असेल, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव असेल, मोठ्या गाठी असतील, तर गर्भाशय काढणे म्हणजे जीव वाचविणे होय, आणि ते करणारे सज्जन डॉक्टर आम्हाला माहीत आहेत. काही आजारांत तर बीजांडकोशाचा बळी द्यावाच लागतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर ओटीपोटाला किरणांचा उपचार देतात त्यात बीजांडकोश बहुधा निकामी होतात. सायक्लोफॉस्फमाइडसारखी कर्करोगावरील औषधेही त्यांना दुखवितात. तेथे जीव मोठा, ह्यात वाद नाही. मात्र तेथेही उपचारापूर्वी ते त्या स्त्रीला सांगितलेच पाहिजे. कारण काही वेळा किरणांच्या वाटेतून बीजांडकोश बाजूला सरकवून ठेवता येतात, आणि मूल हवे असलेल्या तरुणीची बीजे मोठ्या रुग्णालयांत आधी काढून गोठवून ठेवण्याची सोय असते. उपचार सुरू झाल्यावर ही माहिती निरुपयोगी आहे. आणि 'कॅन्सर होईल' ह्या भयावर पहिला उपाय सुरी नव्हे, तपासणी. गर्भाशयाच्या मुखावरील पेशी घेऊन करावयाची पॅप तपासणी दोन मिनिटांची असते. ती न करताच ज्या डॉक्टराने कर्करोगाचे भय घातले त्याचे म्हणणे प्रमाण मानण्याचे कारण नाही. आपण देवऋषी सोडले, अंगात येणे सोडले; मग पांढऱ्या कोटातील माणसाने डोळे मोठे करून सांगितले एवढ्यावरून आपण का भ्यावे?

येथे एक जुनी गोष्ट आठवते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलण्यास उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी व नंतर मातेला काही काळ विसावा मिळावा हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. त्या खर्चाचा भार सरकारने उचलावा हे त्यांनी मान्य केले, पण ज्या मालकाला स्त्रीच्या श्रमापासून नफा होतो त्यालाही ह्या भारातून मोकळे सोडता येणार नाही, असे बजावले. दुसऱ्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. तो कारखान्यातील स्त्रियांसाठी होता. ऊस तोडणारी स्त्री साखर कारखान्यासाठीच राबते, पण ती कारखान्याची कामगार नाही असे कारखाना म्हणतो, कारण करार मुकादमाशी असतो. स्त्रीच्या विसाव्याचा खर्च मालकाने सोसावा हे तत्त्व १९२८ साली मांडले गेले. खाडा हे त्या तत्त्वाचे नेमके उलटे रूप आहे. येथे विसाव्याचा खर्च स्त्रीनेच सोसावयाचा, आणि पैसा नसेल तर शरीराचा तुकडा देऊन. म्हणून पाळीच्या दिवसांचा खाडा बंद झाला पाहिजे, फडावर पाणी, संडास व दवाखाना आला पाहिजे, ही मागणी आम्ही शस्त्रक्रियेच्या प्रश्नापासून वेगळी मानीत नाही. डॉक्टरांवर बंधने घालून मुकादमाची वही तशीच ठेवली तर स्त्रिया दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन पिशवी काढतील.

बंधने घालण्यात आली आहेत हे खरे. २०१९ च्या गदारोळानंतर बीड जिल्ह्यातील खाजगी रुग्णालयांना जिल्हा शल्यचिकित्सकाच्या परवानगीवाचून ही शस्त्रक्रिया करता येणार नाही असा नियम करण्यात आला. बिहार, छत्तीसगड, राजस्थान ह्या राज्यांतही असेच प्रकार घडले होते. त्याविषयीच्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय दिला आणि केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २०२२ साली तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत असे फर्मावले. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांवर नजर ठेवण्यासाठी राष्ट्र, राज्य व जिल्हा अशा तीन पातळ्यांवर समित्या असाव्यात, असे त्या तत्त्वांत आहे. तुमच्या जिल्ह्याची समिती कोठे बसते, ह्याची चौकशी तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन करावी. कागदावरील समितीला बैठक घ्यावयास लावणे हेही एक काम आहे.

परंतु ह्याहून थोर महत्त्वाचा एक निर्णय आमच्या घराघरांत माहीत असावयास हवा. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री एका खाजगी दवाखान्यात गेली. दुर्बिणीने तपासून रोगाचे निदान करण्यास तिने संमती दिली होती. तिला भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या वृद्ध आईची संमती घेतली आणि तिचे गर्भाशय, नळ्या व बीजांडकोश काढून टाकले. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली. १६ जानेवारी २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे. रुग्ण सज्ञान असता आणि जीवावरचा तातडीचा प्रसंग नसता आईची संमती चालणार नाही. रोग काय, उपाय कोणते, दुसरा मार्ग आहे काय, धोके कोणते, हे सांगून घेतलेली संमतीच खरी. नुकसानभरपाई केवळ २५ हजार रुपये मिळाली. तेरा वर्षांच्या झुंजीला ती रक्कम शोभणारी नव्हती. पण निर्णय मोलाचा आहे. जेथे आईची सही चालली नाही तेथे नवऱ्याची, दिराची किंवा सासूची सही चालेल काय?

आणि म्हणून घरातील कर्त्या पुरुषांस आमचे सांगणे आहे. दवाखान्यात कागद पुढे आला की आपण पुढे होऊन सही करता आणि ती बाकावर पदर सावरीत बसलेली असते. ही सही तुमची नव्हे. तिला अक्षर येत नसेल तर तिला कागद वाचून दाखवावयास सांगा, मराठीत सांगा म्हणावे, मग तिचा अंगठा. तिने तेथे विचारावे: औषधाने भागेल काय? गर्भाशय का काढता? बीजांडकोश ठेवणार की काढणार? काढणार तर का? हे विचारल्याने डॉक्टर रागावला तर दुसऱ्या डॉक्टरकडे, शक्य तर सरकारी रुग्णालयात जावे. तातडीचा रक्तस्राव नसेल तर आठ दिवसांनी काही बिघडत नाही.

ज्यांची शस्त्रक्रिया होऊन गेली आहे त्या भगिनींनी हा मजकूर वाचून हळहळत बसू नये, त्यांच्यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रथम दवाखान्याने घरी सोडताना दिलेला कागद शोधा. त्यावर इंग्रजीत बी, एस, ओ ही अक्षरे एकत्र लिहिलेली असतील तर दोन्ही बीजांडकोश नळ्यांसह काढले आहेत असे समजावे. शाळेत जाणारी मुलगी तेवढे वाचू शकेल. कागद हरवला असेल तर दवाखान्याकडे लेखी मागणी करावी. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मात्र तीन वर्षांपलीकडचे कागद जपण्याची सक्ती त्याच नियमांत नाही, म्हणून उशीर करू नये. बीजांडकोश काढलेले असोत वा पस्तिशी-चाळिशीत वाफा, घाम, निद्रानाश सुरू झालेला असो, सरकारी रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञाला 'माझी पिशवी अमुक साली काढली, त्या वेळी माझे वय अमुक होते' असे स्पष्ट सांगावे. ज्या रसाची उणीव झाली तो गोळीच्या किंवा त्वचेवर लावण्याच्या औषधाच्या रूपाने, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत, देण्याची रीत आहे. स्तनाचा कर्करोग झालेल्या किंवा रक्ताच्या गुठळ्या होणाऱ्या स्त्रीला तो बहुधा देत नाहीत. म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नये. हाडांसाठी चुन्याच्या व 'ड' जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची चौकशी त्याच वेळी करावी. नाचणी, तीळ, दूध जे परवडेल ते तिच्या ताटात आधी पडावे; आजवर ते शेवटी पडत आले आहे.

दसरा झाला की टोळ्या निघतील. गाडीवर भांडी, धान्य, शेरडे चढतील आणि पत्र्याच्या पेटीत शिधापत्रिका, जातीचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले जपून ठेवले जातील. त्याच पेटीत तिचा दवाखान्याचा कागदही असू द्या. पेटीची किल्लीही तिच्याच कनवटीला असू द्या.